डोक्याचं पथ्य

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार भाऊंचे आहेत. ते नात्याने माझे कोणी नव्हते. आमच्या तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात ते प्रयोगशाळा परिचर होते आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मी आज जो काही शिकलेला माणूस आहे तो त्यांच्यामुळे. आणि त्यांच्या शेवटच्या वर्षातले साडेतीन महिने वाया गेले ते माझ्यामुळे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही लिहून ठेवतो.

धानोऱ्याच्या पुढच्या एका गावातून मी अकरावी विज्ञानाला आलो तेव्हा आमच्या घरात सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. वसतिगृहाचं दार संध्याकाळी पाचला उघडायचं. वर्ग सुटले की मी व्हरांड्यात बसून राहायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भाऊंनी प्रयोगशाळेतून हाक मारली.

"बाहेर काऊन बसला गा? इथी ये. आम्लाच्या बाटलीले हात लावू नको म्हंजे झालं. हात जळला तर तुझ्या मायले मी काय सांगू?"

ते परीक्षानळ्या धुवायचे, मी अभ्यास करायचो. सूक्ष्मदर्शकातून पहिली पेशी मला त्यांनी दाखवली, दाढीच्या ब्लेडने कांद्याचा पापुद्रा सोलून. स्वतः ते दहावी नापास होते. पण प्रयोगशाळेतलं प्रत्येक रसायन, प्रत्येक कृती त्यांना पाठ होती, कारण पाठांतर हा त्यांचा दुसरा धंदाच होता.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावजत्रांना, सुरुवात होते आणि होळीपर्यंत गावोगाव नाटकं लागतात. भाऊ एका मंडळीचे प्रॉम्प्टर होते. विंगेत खुर्ची टाकून बसायचे, पुस्तक मांडीवर असायचं, पण पानाकडे क्वचितच बघायचे. कोणता नट कोणत्या वाक्यावर अडखळणार हे नटाच्या आधी त्यांना कळायचं. रविवारी तालमी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात चालायच्या. मंडळीतला खलनायक गावातला न्हावी होता. तो म्हणायचा, "भाऊ नसले तर मी स्टेजवर मर्डर कोणाचा करू हेच इसरून जाईन."

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, पेशीपटल म्हणजे काय. मला येत होतं. पण मी 'मले-तुले' बोलतो म्हणून वर्गात हसायचे, त्यामुळे चारचौघांत माझं तोंडच उघडत नसे. परीक्षकांच्या मागे, बेसिनपाशी भाऊ चंचुपात्रं विसळत होते. त्यांनी नुसते ओठ हलवले. "पेशीच्या..." एवढंच. पुढचं सगळं मी बोललो. नंतर मी म्हटलं, भाऊ, ही तर कॉपी झाली.

"कॉपी कायची रे? उत्तर तुझंच होतं. मी फक्त दरवाजा ढकलला."

बी.एस्सी., एम.एस्सी. झालं. प्रत्येक निकाल मी आधी भाऊंना सांगितला, मग घरी. आता मी एका मोठ्या शहरात पीएच.डी. करतो. माझा विषय एक प्रथिन आहे, न्यूरोलिजिन-३ नावाचं. ते मज्जापेशींच्या पटलात रोवलेलं असतं. एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तिथे दोघींच्या मध्ये अगदी बारीक फट असते. निरोप घेणाऱ्या पेशीच्या काठावर हे प्रथिन असतं आणि ते पलीकडच्या पेशीवरच्या आपल्या जोडीदाराला धरून ठेवतं. बाळाचा मेंदू घडताना असे असंख्य सांधे जुळतात आणि पक्के होतात, त्यात ह्याचा हात असतो. त्याच्या जनुकात बिघाड झालेल्या काही मुलांमध्ये स्वमग्नता आढळते. बराच काळ ह्या प्रथिनाची ओळख एवढीच होती. मग कळलं की ग्लायोमा ह्या मेंदूच्या कर्करोगाच्या वाईट प्रकारांत तेच प्रथिन गाठीला पोसतं. मज्जापेशी काम करू लागल्या की त्याचा पटलाबाहेरचा भाग कापला जाऊन सुटतो, आणि गाठीच्या पेशी त्या सुट्या भागाच्या इशाऱ्याने वाढतात. ज्या उंदरांत हे प्रथिन मुळातच नाही, त्यांच्या मेंदूत माणसाच्या गाठीच्या पेशी सोडल्या तरी त्या नीट वाढत नाहीत. ह्यातलं माझं काम लहान आहे. उंदरांच्या मेंदूचे काप रंगवायचे आणि पेशी मोजायच्या.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास न्हाव्याचा फोन आला. हसत होता. "तुझा भाऊ म्हातारा झाला गा. परवा मी स्टेजवर उभा, आन् प्रॉम्प्टरच मले विचारते, पुढं काय हाय!" मीही हसलो. पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत, मुलांना रसायनं काढून देताना भाऊंना 'मोरचूद', म्हणजे कॉपर सल्फेट, हा शब्द सापडेना. "ते निळं, ते निळं" म्हणत राहिले आणि तिथेच झटका येऊन पडले. नागपूरला एमआरआय झाला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेपाशी गाठ होती. काढता आली तेवढी काढली. तपासणीचा अहवाल बाईंनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, मला फोटो काढून पाठवला. त्यातलं गाठीचं नाव मी रोज माझ्या वहीत लिहीत होतो. शेवट काय असतो ते मला माहीत होतं.

दिवाळीत मी गावी आलो तेव्हा भाऊंचे किरणांचे शेक घेऊन झाले होते. डोक्याच्या डाव्या बाजूचे केस गेले होते. शब्द पुष्कळ हरवले होते, पण ते बोलायचे. अर्धं तोंडाने, अर्धं हाताने, आणि शब्द सापडला नाही की तिथे एक शिवी घालून वाक्य पुढे न्यायचे.

"सांग," त्यांनी मला विचारलं, "तिकडं काय करून राह्यला तू? उंदरं मारते म्हणे."

मी सांगितलं. प्रथिन, सांधे, बाळाचा मेंदू, गाठ, सगळं सांगितलं. खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. माझ्या कामाबद्दल आमच्या भागातल्या कोणी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि विचारणारे भाऊ होते. बाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"थांब. म्हंजे डोकं चाललं का गाठीले खाणं भेटते?"

"तसंच काहीसं, बाई."

"मंग याचं पथ्य काय?"

आमच्याकडे दुखणं आलं की पथ्य आलंच. काविळीत तेल-हळद बंद, बाळंतिणीला काय चालतं-काय नाही याची मोठी यादी, साधी गालगुंडं झाली तरी काहीतरी सोडावं लागतं. नागपूरच्या डॉक्टरांनी बाईंना सांगितलं होतं की काही पथ्य नाही, आवडेल ते खाऊ द्या. त्या उत्तराने त्या घाबरल्या होत्या. ज्याला काहीही खाऊ द्या म्हणतात त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं, असंच आमच्याकडे समजतात. आता माझ्याकडून त्यांना काहीतरी सापडलं होतं.

"पेपर वाचू देऊ?" त्यांनी विचारलं.

"थोडा कमी करा."

"नाटकाची पुस्तकं?"

"ती नकोत काही दिवस."

"हे मंडळीवाले येऊन बसतेत, बडबड करतेत."

"त्यांना म्हणा, जरा आराम पडू द्या."

"आन् बोलणं?"

मी म्हणालो, "कमीत कमी."

आराम केल्याने कोणाचं काय बिघडतं, असं माझ्या मनात होतं. त्या म्हणाल्या, लिहून दे. मी वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या. खाली सही केली. सही कोणी मागितली नव्हती. भाऊ पान हातात घेऊन बघत होते. "पाह्य," ते बाईंना म्हणाले, "आपल्या पोट्ट्यानं... ते... औषध लिवलं."

शहरात परतल्यावर मी दर आठ-पंधरा दिवसांनी फोन करायचो. "भाऊ कसे आहेत?" "पथ्यात हायेत." बाई हळू आवाजात सांगायच्या आणि ठेवून द्यायच्या. भाऊ फोनवर येत नाहीत ह्याचं मला वाईट वाटायचं, पण का येत नाहीत हे मी विचारलं नाही. डिसेंबरात पुन्हा एमआरआय झाला. गाठ होती तेवढीच होती. बाई तेवढ्या एका दिवशी मोठ्याने बोलल्या.

फेब्रुवारीत न्हाव्याचा फोन आला. ह्या वेळी तो हसत नव्हता.

"डाक्टरसाहेब, एक विचारू का? दाढी करताना माणसानं श्वास घ्यायचा का नाई, ते लिवून देलं नाई तुमी."

"काय झालं?"

"काय झालं मले काऊन विचारते? मले फक्त दाढीले आत घेतेत. तोंड बंद ठेवाच्या अटीवर. मी खलनायक गा, पण स्टेजवरचा. असं कोणाले डांबून नाई ठेवलं मी."

मी तो सगळा दिवस कामात लक्ष घालू शकलो नाही. संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक मॅडमना जाऊन सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग त्यांनी विचारलं, "गप्प बसलेल्या माणसाचा मेंदू गप्प असतो का?"

"नाही, मॅडम."

"झोपेत?"

"झोपेतही नाही."

"मग तू नक्की काय बंद केलंस?"

त्या पुढे म्हणाल्या की न बोलल्यामुळे कोणी रुग्ण जास्त जगला असं तरी त्यांनी कुठे वाचलेलं नाही. उलट बोलण्याच्या जागेवर शस्त्रक्रिया झाली की माणसाला मुद्दाम बोलतं ठेवतात, शब्दांचा सराव देतात, म्हणजे उरलेले शब्द टिकतात. हे पुस्तकात होतं. मी वाचलेलंही होतं. "रजेचा अर्ज नंतर दे," त्या म्हणाल्या. "आधी जा."

दोन दिवसांनी दुपारी मी भाऊंच्या घरी पोहोचलो. खिडकीला घोंगडं टांगलं होतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून त्याचा सेल काढला होता. कोंबडा आरवतो म्हणून देऊन टाकला होता. शेजारच्या लग्नाची वाजंत्री बाईंनी हात जोडून दुसऱ्या गल्लीतून न्यायला लावली होती. हे सगळं मला बाईंनीच सांगितलं, घरामागच्या सांदवाडीत, वांग्याच्या वाफ्याशी उभं राहून, तिथेही कुजबुजत.

"मी सोता दिवाळीपासून त्यायच्यासंगं एक शब्द नाई बोलली. ताट ठेवते, हातानं दाखवते. एक डाव सपनात ओरडले तं मीच तोंडावर हात ठेवला."

मी त्यांना सांगितलं की माझं चुकलं. बोलण्याने गाठ वाढते असं नाही. पथ्य सोडा.

"तवा खरं होतं आन् आता खोटं झालं?"

"तेव्हाही मी अर्धंच सांगितलं होतं, बाई."

"मंग गाठ काऊन नाई वाढली?" त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "डाक्टर म्हणले, हाय तेवढीच हाय. कशानं राह्यली?"

"शेकाने. गोळ्यांनी."

"आन् मी साडेतीन महिने तोंड शिवून राह्यली, त्याचं काईच नाई?"

गाठ पुन्हा वाढणार हे मला माहीत होतं. आज पथ्य मोडलं आणि महिन्याभराने ती वाढली, तर ही बाई आयुष्यभर स्वतःला दोष देणार. न मोडलं तर भाऊ असेच मुक्याने जाणार. त्या मला म्हणाल्या, "मी नाई मोडत. तू बांधलं, तू सोड. जा, सांग त्यायले."

मी आत गेलो. भाऊ भिंतीला टेकून बसले होते, वाळलेले. मला पाहून चेहरा फुलला. मी म्हणालो, "भाऊ, ऐका..." त्यांनी लगेच ओठांवर बोट ठेवलं. मी पुन्हा बोलायला गेलो तर त्यांनी हात वर केला, तालमीत मध्येच बोलणाऱ्या नटाला थांबवायचे तसा, आणि कॅलेंडरखाली टाचलेलं माझं पान दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर थोपटलं आणि मान हलवली. मी पाळतोय, असं ते मला सांगत होते. एकही दिवस चुकवला नाही, असं. माझ्यावरचा त्यांचा विश्वास एवढा होता की माझं बोलणंही ते ऐकून घेईनात. मी मोठ्याने बोलायला हवं होतं. पान फाडून टाकायला हवं होतं. मी ते केलं नाही. तास-दीड तास त्यांचा हात धरून बसलो आणि बाहेर आलो.

बाई म्हणाल्या, "तुझं लिवलेलंच मानतेत ते. लिवून दे."

ते पत्र मी त्यांच्या घरी लिहू शकलो नाही. आमच्या गावी जाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं, परत तालुक्याला आलो आणि न्हाव्याच्या दुकानात दिलं, कारण तो त्याच दिवशी दाढीला जाणार होता. मी स्वतः गेलो नाही. मला पाहून भाऊंनी पुन्हा ओठांवर बोट ठेवलं असतं.

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकतो. भाऊंनी पत्र हातात घेतलं, पण अक्षरं त्यांना लागेनात. तेवढ्या काळात वाचणं गेलं होतं. मग न्हाव्याने अर्धी दाढी साबणात ठेवून ते मोठ्याने वाचलं, बाई दारात उभ्या असताना. भाऊ त्यानंतर पाच आठवडे बोलले. दिवाळीत होते तेवढे शब्द परत आले नाहीत, फार थोडे आले. मंडळीवाले येऊन बसायचे. मार्चअखेर दुसरा झटका आला. एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली. मोहफुलं वेचायचे दिवस संपता संपता ते गेले.

तेराव्याला मी गेलो होतो. बाईंनी मला सांदवाडीत बोलावलं.

"एक खरं सांग. पथ्य मोडलं म्हणून गेले का?"

"नाही, बाई."

"पयल्या बारीसारखं खरं, का खरोखरचं खरं?"

"खरोखरचं."

त्या म्हणाल्या, "लई भांडलो आमी त्या पाच हप्त्यात. साऱ्या जलमाचं." त्या माझ्यावर विश्वास ठेवतात की नाही हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी पत्र मला परत दिलं. ते असं आहे.

भाऊ,

दिवाळीत मी तुम्हाला जे पान लिहून दिलं ते चुकीचं होतं. ते काढून टाका. मी डॉक्टर नाही. मी उंदरांचा मेंदू बघतो, आणि उंदरावरून तुम्हाला पथ्य सांगायचा मला काही अधिकार नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून मी फुगलो आणि बाईंनी विचारलं तेव्हा 'मला माहीत नाही' हे मला म्हणता आलं नाही.

मी सांगितलं ते प्रथिन खरं आहे. गाठ त्याच्यावर वाढते हेही खरं आहे. पण ते बोलण्यापुरतं नाही. तुम्ही श्वास घेता, कूस बदलता, झोपेत स्वप्न बघता, तेव्हाही मेंदू चालतो आणि ते सुटतंच. ते थांबवायचं औषध शोधणारे लोक आहेत, पण ते आज तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. गप्प राहून ते थांबत नाही. गप्प राहिल्याने फक्त तुमचे शब्द जातात. नागपूरला तुम्हाला बोलायचा सराव करायला सांगायला हवं होतं. निदान मी तरी सांगायला हवं होतं.

तुम्ही मला कधी खोटं सांगितलं नाही, म्हणून हेही लिहितो. गाठ पुन्हा वाढेल असं मला वाटतं. कधी, ते मला माहीत नाही. ती वाढली तर ती तुमच्या बोलण्याने वाढली असं समजू नका, आणि बाईंना तर तसं कधीच समजू देऊ नका. त्यांनी माझी चूक साडेतीन महिने जीव लावून पाळली. त्यांचा काही दोष नाही, माझा आहे.

आज खिडकीवरचं घोंगडं काढायला सांगा. घड्याळात सेल घालायला लावा. न्हाव्याला बसवून घ्या, त्याला नव्या नाटकाचं काहीच पाठ नाही असं तो स्वतः सांगतो. शब्द सापडला नाही तर शिवी द्या. मला द्या, मी ऐकून घेईन, तेवढं मी तुमचं देणं लागतो. आणि आधी बाईंशी बोला. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. त्या किती दिवस वाट बघत आहेत ते तुम्ही रोज बघत असाल.

मी रविवारी दहा वाजता फोन करतो. बाईंना उचलू देऊ नका. तुम्ही उचला.